ऊस तोडून घट्ट झालेले पाय उतारानं का भरून आले?

वाचकाचं पत्र:

"मी केज तालुक्यातला. वय २२, वजन ५८ किलो. यंदा आई-वडिलांसंग चार महिने ऊसतोडीला होतो. परत आल्याबरोबर पोलीस भरतीची तयारी धरली. परवा रविवारी मैदानावरच्या पोरांसंग डोंगरावर गेलो. वर चालत चढायचं आणि उतारानं जोरात पळत खाली यायचं, अशा सात फेऱ्या मारल्या. वरून दोनशे बैठका. सोमवारी थोडंच दुखत होतं. मंगळवारी जिना उतरता येईना, संडासला बसता येईना. रात्री पोटरीत गोळे यायलेत. पोरं म्हणायलेत, लॅक्टिक ॲसिड साचलंय, पळूनच निघतं. एकजण म्हणतो रोज गोळी घे आणि पळ, दुसरा इंजेक्शन आणून देतो म्हणतो. अकरावीला शिकलो होतो की स्नायूच्या पेशी परत तयार होत नाहीत. मग माझ्या कायमच्या तुटल्या का? चार महिने मोळ्या वाहिलेले पाय असे कसे हरले? आणि तीन हजारांचा प्रोटीनचा डबा घ्यावा का?"

उत्तर:

बाकी सगळं नंतर. आधी सांगा, लघवीचा रंग कसा आहे? कोऱ्या चहासारखी गडद तपकिरी किंवा लालसर होत असेल, लघवीचं प्रमाण एकदम कमी झालं असेल, मांड्या सुजून दगडासारख्या टणक झाल्या असतील किंवा ताप-उलट्या असतील, तर हे पान बाजूला ठेवा आणि आजच अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा. फार मोठ्या प्रमाणात स्नायूपेशी फुटल्या की त्यातलं मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन रक्तात येतं, तिथून मूत्रपिंडात जातं आणि तिथल्या बारीक नळ्यांना इजा करतं. उन्हाळ्यात अंगात पाणी कमी असताना हा धोका कितीतरी वाढतो. डॉक्टर रक्तातलं सीके (स्नायूपेशी फुटल्या की रक्तात येणारं विकर) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारा घटक) तपासतात. सीके साधारण दोनशेच्या आत असतं. दमवणाऱ्या व्यायामानंही ते बरंच वाढू शकतं, पण पेशी फुटण्याच्या या आजारात ते हजारांत, कधी लाखाच्या घरात जातं. वेळेत सलाईन मिळालं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. उशीर झाला तर डायलिसिसची वेळ येऊ शकते.

लघवी नेहमीसारखी फिकट असेल तर पुढचं निवांत वाचा.

लॅक्टिक ॲसिडचा विषय इथेच संपवू. जोरात पळताना स्नायूत लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच रूप) तयार होतं हे खरं, पण पळणं थांबल्यावर ते तासाभरात जवळपास साफ होतं. हृदय आणि दुसरे स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, यकृत त्याची परत साखर करतं. रविवारी सकाळी तयार झालेलं लॅक्टेट मंगळवारी जिन्यावर तुम्हाला रडवायला शिल्लकच नसतं. शिवाय उतारानं पळताना ते चढणीपेक्षा कमी तयार होतं. म्हणजे "पळून काढ" या सल्ल्यात काढायला काहीच नाही, उलट दुखावलेल्या जागी आणखी मार बसतो.

मग दुखतंय काय? त्यासाठी पेशीच्या आत डोकवावं लागेल.

उकडलेलं मटण बोटांनी सोडवलं की धागे निघतात. आपल्याला दिसतो तो एक धागा म्हणजे एक पेशी नव्हे, ती अनेक पेशींची जुडी असते. पेशी त्याहून बारीक, मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाइतकी जाड, पण लांबीला काही सेंटिमीटर. मांडीवरून तिरक्या जाणाऱ्या एका स्नायूत तर ती वीतभरापेक्षाही लांब असू शकते. इतकी लांब पेशी एकाच केंद्रकावर चालत नाही. गर्भात अनेक छोट्या पेशी एकमेकींत मिसळून ती तयार होते, म्हणून तिच्यात शेकडो केंद्रकं असतात आणि ती सगळी कडेला, आवरणालगत सरकवलेली. मधली जागा कामाच्या माणसांसाठी मोकळी ठेवावी तशी. त्या जागेत उभे तंतुक ठासून भरलेले असतात आणि प्रत्येक तंतुक म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या सार्कोमिअरची साखळी. एका सार्कोमिअरची लांबी २ ते २.५ मायक्रोमीटर, म्हणजे एक सेंटिमीटर लांबीत चार ते पाच हजार कड्या झाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पायाच्या, हाताच्या स्नायूवर जे आडवे पट्टे दिसतात ते याच कड्यांचे. शाळेच्या पुस्तकात त्याला पट्टकी स्नायू म्हणतात ते म्हणूनच.

प्रत्येक कडीत दोन प्रकारचे धागे असतात. बारीक ॲक्टिनचे, ते कडीच्या दोन्ही टोकांच्या भिंतींना बांधलेले. जाड मायोसिनचे, ते मधोमध. मायोसिनला दोन्ही बाजूंनी शेकडो छोटी डोकी फुटलेली असतात. मेंदूकडून निघालेला निरोप मज्जातंतूतून आला की पेशीतल्या पिशव्यांमधून कॅल्शियम सुटतं, ॲक्टिनवरचं झाकण सरकतं आणि मायोसिनची डोकी ॲक्टिनला पकडून ओढू लागतात. विहिरीतून पोहरा वर घेताना आपण काय करतो? दोर धरायचा, ओढायचा, सोडायचा, पुढे धरायचा. अगदी तसंच. एका ओढीत धागा मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाइतकाच सरकतो, पण लाखो डोकी आणि हजारो कड्या एकदम काम करतात म्हणून मांडी आखडते. धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवर सरकतात. ही गोष्ट १९५४ साली दोन वेगवेगळ्या जोड्यांनी एकाच वेळी मांडली, एकीत अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्के, दुसरीत ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं.

एटीपी हे इंधन नेमकं कशाला लागतं, इथे अनेकांची चूक होते. दोर *सोडायला* ते आधी लागतं. एटीपी येऊन चिकटल्याशिवाय मायोसिनची पकड सुटत नाही. मेल्यावर शरीर ताठ होतं ते यामुळेच. इंधन संपलेलं, पकड तशीच राहिलेली.

आता उतार. पोहऱ्यात पाणी आहे, तुम्ही वर ओढताय, तो वर येतोय, तळहाताला काही होत नाही. पण पोहरा तुमच्या ओढीपेक्षा जड झाला तर? तुम्ही घट्ट धरलेलाच असतो, तरी दोर हातातून खाली सरकत जातो. तळवा सोलतो तो तेव्हा. उतारावर पाऊल टाकताना मांडीच्या पुढच्या स्नायूचं हेच होतं. गुडघा वाकतो म्हणजे स्नायू लांबतोय, पण तुम्ही कोसळू नये म्हणून त्याच क्षणी तो आखडायचाही प्रयत्न करतोय. मायोसिनची पकड जबरदस्तीनं सोडवली जाते, साखळीतल्या कमजोर कड्या प्रमाणाबाहेर ताणल्या जातात, काहींच्या टोकाच्या भिंती वाकड्या होतात, पेशीच्या आवरणाला बारीक चिरा पडतात. चिरांतून कॅल्शियम आत शिरतं आणि आतली प्रथिनं कापणारी विकरं जागी होतात. मग सूज, मग सफाईला पांढऱ्या पेशी, मग आजूबाजूच्या वेदनेच्या मज्जातंतूंची टोकं हळवी होणं. हे सगळं व्हायला वेळ लागतो. म्हणून दुखणं बारा ते चोवीस तासांनी सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. तुमचा मंगळवार अगदी वेळापत्रकाप्रमाणे आलाय.

यातली फसवी गोष्ट अशी की उतारावर दम लागत नाही. लांबत काम करताना तेच वजन पेलायला स्नायूला कमी पेशी कामाला लावाव्या लागतात, प्राणवायूही कमी लागतो. छाती म्हणते अजून एक फेरी मार. पण कमी पेशींवर तेच वजन म्हणजे प्रत्येकीवर ताण जास्त. चढणीवर दम तुम्हाला वेळीच थांबवतो, उतारावर थांबवणारं कोणी नसतं. म्हणूनच तुमच्या सात फेऱ्या झाल्या. वरच्या दोनशे बैठकांतही खाली बसणं हे लांबत केलेलंच काम होतं.

आणि मोळ्या वाहिलेले पाय का हरले? ते हरले नाहीत, त्यांना वेगळं काम लागलं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना मांडी आखडत काम करते. उतरता तेव्हा डोकं रिकामं असतं आणि पाऊल सावकाश पडतं. कोयता चालवताना तर भार कंबर, खांदे आणि मनगटावरच. म्हणजे चार महिने तुमच्या मांड्यांनी दोर वर ओढण्याचाच सराव केला. स्नायू ज्या कामाला जुंपावा त्याच कामाला तयार होतो, शेजारच्या कामाला नाही. दंडात ताकद असूनही ऊसतोड कामगार गोळाफेकीत मागे पडू शकतो, त्याचं एक कारण हेच.

तुमच्या शिक्षकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तयार झालेली पट्टकी पेशी दुभंगून दोन होत नाही, आणि आपल्या अंगातल्या या पेशींची संख्या जन्माच्या आसपासच जवळपास ठरून जाते. पण प्रत्येक पेशीच्या आवरणालगत काही छोट्या राखीव पेशी झोपून असतात. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांना त्या बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या आणि त्यांना सॅटेलाइट पेशी हे नाव पडलं. इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात आणि दुखावलेल्या पेशीत मिसळून तिला नवी केंद्रकं देतात. तुमच्या मांडीत आत्ता हेच चाललंय. काहीही कायमचं तुटलेलं नाही. हृदयाच्या स्नायूत मात्र अशी कामाची राखीव फौज नसते, म्हणून झटका आल्यावर तिथे स्नायूऐवजी व्रण भरतो. हे लक्षात ठेवा, इंजेक्शनच्या मुद्द्याला लागेल.

आता करायचं काय. हे उत्तर वाचेपर्यंत चार-पाच दिवस झाले असतील आणि दुखणं ओसरत आलं असेल. या काळात पूर्ण पडून राहू नका. सपाट रस्त्यावर वीस-तीस मिनिटं चाला, कोमट पाण्यानं शेका, तेलाचा हलका हात फिरवा. रगडून मालीश नको, सुजलेल्या पेशींना तो आणखी एक मार. पळण्याआधी कितीही ताण दिले तरी या प्रकारचं दुखणं टळत नाही, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका. एक खाचखळगा असा की वेदना आठवड्यात जाते, पण ताकद परतायला कधी दोन आठवडेही लागतात. दुखत नाही म्हणून लगेच घड्याळ लावून पळाल तर वेळ मागेच पडेल आणि तुम्हाला वाटेल तयारी वाया गेली.

पोटरीतल्या गोळ्यांसाठी: गोळा आला की पाय सरळ करून पंजा हातानं नडगीकडे ओढा आणि अर्धा मिनिट तसाच धरा. बहुतेक वेळा तिथेच सुटतो. दमलेल्या स्नायूला मज्जातंतूकडून नको तेवढे निरोप येत राहतात, ताण दिला की ते थांबतात. मीठ-पाणी कमी पडल्यानं गोळे वाढू शकतात, म्हणून घाम गाळून आल्यावर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट-घोट प्या. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं जास्त टाकू नका.

गोळी घेऊन पळण्याचा सल्ला साफ धुडकावा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. चाळीसच्या वरचं ऊन, घामानं आटलेलं अंग, फुटलेल्या पेशींचं मायोग्लोबिन आणि त्यावर ही गोळी, हे चौघं एकत्र आले की धडधाकट पोराचंही मूत्रपिंड बसू शकतं. आणि वेदना झाकली की थांबायचं कधी हे कळत नाही.

इंजेक्शनबद्दल त्याहून कडक सांगावं लागेल. मैदानाच्या कडेला "स्टॅमिना"च्या नावानं जे विकलं जातं त्या बाटलीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. बऱ्याचदा ते स्टेरॉइड असतं. त्यानं स्नायू फुगतात, पण त्यांना हाडाशी जोडणारे कंडरे त्या वेगानं मजबूत होत नाहीत आणि तुटतात. शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पडतं, अंडकोष आकसतात, शुक्राणू घटतात. हृदयाची भिंत जाड होते, आणि तिथे राखीव पेशी नाहीत हे वर आलंच आहे. शिवाय १६०० मीटरच्या धावकाला चार किलो जादा मांस म्हणजे पाठीवर बांधलेलं ओझं.

प्रोटीनच्या डब्याचा हिशेब घरच्या ताटावर मांडू. नेहमीच्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरतं. तुमच्यासारखा कसून सराव करणाऱ्याला १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे ५८ किलोला ७० ते ९३ ग्रॅम. दिवसभरात चार मोठ्या भाकरी, मिळून ३०० ग्रॅम ज्वारीचं पीठ, त्यात सुमारे ३० ग्रॅम. दोन्ही वेळच्या घट्ट वरणाला मिळून ८० ग्रॅम तूरडाळ, १७-१८ ग्रॅम. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे, १२ ग्रॅम. दोन अंडी, १२ ग्रॅम. अर्धा लिटर दूध, १६ ग्रॅम. बेरीज ८७-८८ आली. अंडी चालत नसतील तर ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांतून १५ ग्रॅम मिळतं. आपल्याकडे लातूरच्या बाजारात सोयाबीनच्या थप्प्या लागतात आणि पोरं मैदानावर डब्याच्या जाहिराती बघत बसतात, हे जरा अजबच. ज्वारीत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. म्हणून भाकरीसोबत वरण हवंच, नुसतं ठेचा-भाकरीवर भागत नाही. एका जेवणात सगळं न खाता तीन-चार वेळांत विभागा. डब्याच्या एका मापात साधारण २४ ग्रॅम असतं. ताट वर सांगितल्यासारखं असेल तर त्या तीन हजारांत चांगले बूट घ्या.

भाकरी कमी करून नुसत्या प्रथिनावर येण्याची चूकही करू नका. स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात ३०० ते ५०० ग्रॅम साखर साठते आणि जोराचं पळणं तिच्यावरच चालतं. ती भाकरी-भातातूनच भरते.

सरावाची आखणी करताना भरतीच्या मैदानी चाचणीकडे पेशीच्या नजरेनं बघा. पन्नास गुणांत १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. गोळा ७.२६० किलोचा. फेक एका क्षणात संपते, ती पेशीत तयार असलेल्या एटीपीवर होते आणि तो साठा दोन-तीन सेकंदांचाच असतो. १०० मीटर मुख्यतः क्रिएटिन फॉस्फेटवर (एटीपी झटपट परत भरून देणारा पेशीतला साठा), ते दहाएक सेकंद टिकतं आणि पुन्हा भरायला तीन मिनिटं घेतं. म्हणून शंभरच्या प्रत्येक धावेनंतर पूर्ण तीन मिनिटं थांबा. अर्ध्या मिनिटात पुन्हा पळालात तर वेगाचा सराव होतच नाही, नुसती दमछाक होते. १६०० मीटर पाच-सहा मिनिटांचं, तिथे बहुतेक काम मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, प्राणवायू वापरून करतात. त्यांची संख्या वाढायला सलग चार ते सहा आठवडे लागतात. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा बोलता येईल अशा गतीनं तीस-चाळीस मिनिटं पळा आणि एक-दोनदा ४०० मीटरच्या चार फेऱ्या, मध्ये दोन-तीन मिनिटं चालत. सगळं पहाटे, ऊन चढायच्या आत. दोन जोराचे दिवस लागोपाठ नकोत.

उतार मात्र कायमचा सोडू नका. एकदा अशी इजा भरून निघाली की तेच काम पुन्हा केल्यावर नुकसान खूपच कमी होतं आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. अट एकच, डोस छोटा हवा. जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही त्या दिवसानंतर आणखी तीन-चार दिवस जाऊ द्या. मग डोंगरावर जाऊन उतारानं एकच फेरी मारा, तीही हळू, पावलं आखूड टाकत. दुसऱ्या दिवशी मांड्या किती बोलतात ते बघा. आठवड्यानं दोन फेऱ्या. त्या दिवशी बैठका नकोत.